बिनजायफळाची कॉफी

माझं तोंड फटकळ आहे हे लग्न ठरायच्या आधीच सासरी कळलं होतं. कळवणारी माझी सख्खी आई. "मुलगी कामाला वाघ आहे, पण बोलते तोंडावर," असं ती पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशा पुढे करता करता बोलून गेली. समोर बसलेला, शेतकी कॉलेजातून नुकताच एम.एस्सी. झालेला काटकुळा मुलगा म्हणाला, "मग तर बरंच. मला आडून बोललेलं कळत नाही." आमचं लग्न तिथेच ठरलं असं मी धरून चालते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आलो. तो युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता आणि मी दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये थंडीला शिव्या घालत होते. शनिवारी कुणा ना कुणा मराठी माणसाकडे जेवण असायचं. तिथे सगळे सगळ्यांना "वा वहिनी, काय झालंय श्रीखंड!" असं म्हणायचे. आमची गाडी त्यांच्या पार्किंगमधून बाहेर पडली की नवरा विचारायचा, "आता खरं सांग." मग मी सांगायची. चक्का आंबट होता, वेलची शिळी होती, पुऱ्या कालच्या तेलात तळल्या होत्या. तो स्टिअरिंगवर हात आपटून हसायचा. माझ्या जिभेवर त्याचा भारी विश्वास होता. स्वतः केलेल्या खिचडीबद्दलसुद्धा तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग स्वतःचं मत ठरवायचा.

त्याचं काम होतं तांबेऱ्यावर. गव्हाच्या, ज्वारीच्या पानांवर पडतो तसा तांबेरा कॉफीवरही पडतो. पानांमागे नारिंगी पूड धरते, पानं गळतात आणि झाड उघडं पडतं. हा रोग त्या वर्षांत ब्राझीलकडून मध्य अमेरिकेत सरकत होता आणि सगळे धास्तावले होते. न्यू जर्सीत कॉफीचं एक झाड उगवत नाही, म्हणूनच इथल्या काचघरात तो रोग बिनधास्त आणून तपासता येतो, हे त्यानं मला समजावून सांगितलं होतं. काचघरात निरनिराळ्या वाणांची रोपं होती. त्यांना मुद्दाम तांबेरा लावायचा आणि कोण तगतं, कोण मरतं ते बघायचं. "म्हणजे तू कसाई आहेस," मी म्हणाले होते. त्याला ते लागलं होतं.

त्या रोपांत एक वाण होता, गेशा नावाचा. इथिओपियाच्या नैर्ऋत्येला डोंगरात त्या नावाचं जंगल आहे. आम्ही तिकडे गेलो त्याच्या पन्नासेक वर्षं आधी कुणीतरी तिथल्या रानकॉफीचं बी गोळा केलं. ते बी केनियात गेलं, मग टांझानियात, तिथून समुद्र ओलांडून कोस्टा रिकाला. तिथून थोडं पनामातल्या शेतकऱ्यांना मिळालं, तांबेऱ्यापुढे जरा टिकतं म्हणून. शेतकऱ्यांनी लावलं आणि कपाळावर हात मारला. झाड उंच वाढायचं, फांद्या लांब आणि ठिसूळ, फळं मोजकी. उत्पन्न नाही तर ठेवायचं कशाला? कुणी म्हणे चवीलाही सुमारच. बहुतेकांनी ते बांधाला टाकून दिलं होतं.

हे सगळं नवरा मला भांडी घासता घासता सांगायचा. त्याच्या प्रोफेसरांना त्या वाणाचा तांबेऱ्यापुरताच उपयोग होता, आणि त्यातही तो काही पहिला नंबर मारत नव्हता. यानं एकदा विचारलं, "पण सर, याची चव कुणी नीट घेऊन पाहिली का?" ते म्हणाले, "आपण रोगतज्ज्ञ आहोत, चहा-कॉफीवाले नाही." त्या दिवसापासून याच्या डोक्यात ते बसलं. जगाच्या तीन कोपऱ्यांत फिरून आलेलं झाड, आणि ते तांबेऱ्यानं मरतं का एवढंच सगळ्यांनी विचारलं. कसं लागतं ते कुणालाच ठाऊक नाही.

जागा करायची म्हणून काचघरातली काही रोपं काढून टाकायची ठरली, तेव्हा त्यानं परवानगी काढून गेशाचं एक निरोगी रोप घरी आणलं. कमरेएवढं होतं. मी दारातच अडवलं.

"तुझी शपथ, ही कुंडी आत आली ना, तर मी बाहेर!"

"तुझ्या शपथांनी मी अजून जिवंत कसा आहे, याचाच अभ्यास करायला पाहिजे," तो म्हणाला आणि कुंडी माझ्या अंगावरून आत नेली.

खरंच, माझ्या तोंडी ते सारखंच असायचं. तुझी शपथ, भाजी संपली. तुझी शपथ, त्या बाईनं साडी उलटी नेसली होती. आमच्या घरी लहानपणापासून तसंच बोलायची सवय. आई रागवायची, माणसाच्या जिवावर अशी उठसूट शपथ घेऊ नये म्हणून, पण तीही घ्यायचीच.

झाड दक्षिणेकडच्या खिडकीत बसलं. हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा इतकी कोरडी व्हायची की त्याची पानं कडेला करपायची, मग आम्ही त्याला उचलून आंघोळीच्या टबात ठेवायचो आणि गरम पाण्याचा शॉवर सोडून वाफ द्यायचो. तोवर आमची मुलगी झाली होती. एकाच बाथरूममध्ये एकीकडे तिची आंघोळ, एकीकडे झाडाची. मी वैतागायची आणि तो दोघांनाही टॉवेलनं टिपायचा. एवढं करून दुसऱ्या वर्षाच्या वसंतात ते फुललं. पांढरीशुभ्र, कुंदासारखी फुलं, फांदीला चिकटून. दोनतीन दिवसच टिकली, पण घरभर असा वास सुटला की खालच्या मजल्यावरची अमेरिकन बाई विचारायला आली, तुम्ही कुठलं सेंट वापरता. त्या दिवशी मी पहिल्यांदा झाडाबद्दल वाकडं बोलले नाही, आणि नवऱ्यानं ते ताबडतोब नोंदवून दाखवलं.

फळं पिकायला पुढचा हिवाळा उजाडला. लाल, करवंदाएवढी. एका झाडाची किती असणार, ओंजळभर. आम्ही सालं काढली, बुळबुळीत बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या, धुतल्या, वर्तमानपत्रावर वाळवल्या. वरचं पापुद्र्यासारखं कवच नखानं सोलताना माझी बोटं दुखून आली. शेवटी हातात जे आलं ते वाटीच्या तळाशी बसेल एवढं.

आणि मग आम्ही ते केलं, जे आपल्यापैकी कुणीही केलं असतं. पहिलं फळ म्हणजे आधी देवाला. माझे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, साखरेच्या डब्यांच्या वरच्या फळीवर होते. नैवेद्य आधी चाखायचा नसतो. नवराच म्हणाला, "आपल्या पद्धतीनं कर, जायफळ घालून. पहिलीवहिली आहे." त्याचा एक नागपूरकडचा मित्र आणि मित्राची बायको जेवायला येणार होते. मी बिया कढईत पार काळ्या होईपर्यंत भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या, भरपूर दुधात साखर घालून उकळल्या, वर वेलची आणि जायफळ किसलं. चांदीच्या वाटीत देवाला दाखवली, मग चार छोट्या कपांत आम्हाला. मित्र म्हणाला, "क्या बात है यार! अस्सल कोजागिरी!" सगळे हसले. ते गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "आता खरं सांग."

"छान होतं," मी म्हणाले, "जायफळ."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. एवढी वर्षं ज्या चवीसाठी झाड पोसलं, ती आम्ही दुधात बुडवून देवाला आणि नागपूरला पाजली होती. आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. काय बिघडलं? झाड होतं, पुढचा बहर येणार होता. "पुढच्या वर्षी काळी. न दूध, न साखर, न देव," तो म्हणाला. देवाबद्दल असं बोलू नये म्हणून मी त्याला दटावलं.

पुढच्या वर्षी झाड आधीपेक्षा जास्त फुललं. फळं हिरवी असतानाच त्याच्या घशात गाठ निघाली.

जन्मात सुपारीचं खांड न खाल्लेला माणूस. इथले डॉक्टर आडपडदा ठेवत नाहीत. समोर बसवून त्याला सगळं सांगितलं, मला दुसऱ्या खोलीत नेऊन नाही. रेडिएशन सुरू झालं. त्यानं तोंडातली लाळ आटली आणि पाठोपाठ चव गेली. वास येणं तर त्याआधीच बंद झालं होतं. मी त्याच्या आवडीची ताकाची कढी केली, तर तो म्हणाला, "कोमट काहीतरी आहे, एवढं कळतं." चव पुढे परत येईल असं डॉक्टर म्हणाले. पुढे म्हणजे कधी ते कुणी बोललं नाही.

त्या महिन्यांत मी बदलले. फटकळपणा कुठे गेला ते मलाच कळलं नाही. "आज चेहरा किती छान दिसतोय," मी म्हणायची, आणि चेहरा मेणासारखा झालेला असायचा. "वजन वाढलंय बरं का थोडं." भारतातून फोन यायचे, तेही तसेच. सगळं नीट होईल, देव आहे, आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ठणठणीत बरे झाले. एके दिवशी मी उशी नीट करत असताना तो म्हणाला, "तू गोड बोलायला लागलीस ना, तेव्हाच मला कळलं की आपलं काही खरं नाही." मी त्यावरही काहीतरी गोडच बोलले. दुसरं सुचेना.

पण झाडावर त्याचं लक्ष होतं. सोफा खिडकीशी ओढून घेतला होता. फळं लाल होताना तो रोज बघायचा. त्याचं एकच चालायचं, की या झाडाची चव काय आहे ते मला जाण्याआधी कळलं पाहिजे. संशोधनाचं उरलेलं काम आता त्याच्या हातून होणार नव्हतं. प्रोफेसरांनी त्याची बाकीची रोपंही काढून टाकली होती. "एवढी वर्षं मी ज्याच्यामागे घालवली ते निदान चांगलं होतं का, एवढंच," तो म्हणायचा. "माझी जीभ गेली. तुझी आहे."

हिवाळ्यात आम्ही फळं तोडली. या वेळी सगळं त्याच्या सांगण्याप्रमाणे. बिया मंद आचेवर, सारख्या हलवत. "काळ्या करू नकोस. शेंगदाण्याच्या टरफलापेक्षा जरा गडद झाल्या की उतरव." कुटून, कागदी फिल्टरमध्ये घालून वरून गरम पाणी हळूहळू ओतलं. लालसर, चहासारखं पातळ काहीतरी कपात उतरलं. मुलगी जमिनीवर ठोकळे मांडत बसली होती. मी कप घेऊन त्याच्यासमोर खुर्चीत बसले. काळी कॉफी मी आयुष्यात प्यायले नव्हते. मला ती काढ्यासारखी लागणार याची खात्री होती, आणि आज खोटं बोलायचं नाही असं मी ठरवून बसले होते. सुमार असेल तर सुमार.

कप तोंडाशी नेला आणि मी थांबले. फुलांचा वास आला. कुंदाचा, मोगऱ्याचा म्हणा. मग घोट घेतला, तर संत्र्याची साल नखानं सोलताना नाकात जातं तसं काहीतरी, आणि गिळल्यावर मधासारखी गोडी. कडू असं काही नव्हतंच. मला कळेचना.

"अरे," मी म्हणाले, "ही कॉफीच नाही."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. फुलं, संत्र्याची साल, मध. धडाधड बोलत होते. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं हात लांब करून माझ्या हातावर थोपटलं. कोपर फुटलेल्या मुलाला थोपटतात तसं.

"कॉफीला मोगऱ्याचा वास येत नाही गं," तो म्हणाला. "झाड फुललं होतं ना, तो तुझ्या डोक्यात आहे."

"नाही रे! खरंच येतोय!"

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. कडू असेल तर कडू सांग. मला चालेल."

"मी खोटं बोलत नाहीये."

"घे माझी शपथ," तो म्हणाला.

उठताबसता घेतलेले ते दोन शब्द. भाजी संपली म्हणून घेतलेले. मी तोंड उघडलं आणि ते बाहेर येईनात. खोटी शपथ घेतली तर ज्याची घेतो तो जातो, हे आमच्या घरात मुलाला चालण्याआधी कळतं. माझी शपथ खोटी नव्हती. पण खरी तरी शंभर टक्के होती का? मी काळी कॉफी कधी प्यायले होते? खरंच झाडाचाच वास माझ्या डोक्यात बसला असेल तर? मोगरा नसून दुसरंच काही असेल तर? त्याच्या गळ्याभोवतीची कातडी रेडिएशननं काळी पडली होती. त्या माणसाच्या जिवावर मी कणभरही जुगार खेळू शकत नव्हते. आई म्हणायची, आजारी माणसाची तर शपथ घेऊच नये.

मी कप परत उचलला. तो हसला. वाईट नाही हसला, अगदी मायेनं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "गोड बोललीस, बास झालं."

उरलेली कॉफी मी सगळी प्यायले, त्याच्यासमोर, थंड होईपर्यंत एकेक घोट. प्रत्येक घोटाला तोच वास येत होता आणि मला त्याचा संताप येत होता. दुसऱ्या दिवशी मी परत सांगून पाहिलं. तो "हो, हो" म्हणाला. परत करून बघायला बिया नव्हत्याच. बर्फ वितळायच्या आत तो गेला. जाताना त्याच्या मनात एवढंच होतं, की झाड सुमार निघालं आणि बायको चांगली होती. मला ते उलटं चाललं असतं.

झाड त्याच्यानंतर एकच वर्ष राहिलं. आमच्या इमारतीची फर्नेस ऐन थंडीत बंद पडली, सकाळी पानं काळी पडून लोंबत होती. मी रडले नाही. माणूस गेल्यावर झाडाला काय रडायचं, असं म्हणाले, आणि संध्याकाळी मुलीला झोपवल्यावर रडले.

पुढे मी शिकले, नोकरी धरली, मुलीला वाढवलं. आता वेस्ट विंडसरला राहते. कॉफी मी घेत नव्हते. कुणाकडे गेले तर चहा मागायची. त्यामुळे जगात काय चाललंय ते मला कळलं नाही. पनामात कुणीतरी आपल्या मळ्याच्या वरच्या अंगाला टाकून दिलेल्या त्या उंच काटकुळ्या झाडांची फळं वेगळी काढून चाखली, स्पर्धेत पाठवली, आणि चाखणारे म्हणे पुन्हा पुन्हा कप मागत राहिले. ज्याला बांधाला टाकलं होतं, ते आता लिलावात सोन्याच्या भावानं जातं. हे मला माझ्या मुलीनं सांगितलं, तिला मी वडिलांच्या झाडाचं नाव सांगितलं होतं म्हणून. गेल्या हिवाळ्यात ती एक छोटंसं पाकीट घेऊन आली. माझ्याच ओट्यापाशी उभी राहून तिनं पाणी मोजलं, हळूहळू ओतलं. मी दूध काढायला फ्रिज उघडला, तर म्हणाली, "आई, डोन्ट यू डेअर!"

कप पुढे आला. मी तोंडाशी नेला, एक घोट घेतला. खुर्चीत बसले. तिनं पाकिटावरची अक्षरं वाचून दाखवली. "जॅस्मिन, ऑरेंज पील, हनी." मग माझा चेहरा बघून ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"सेम आहे? बाबांच्या वेळची?"

"तीच."

तिनं पाकीट उलटून मागची बाजू वाचली. माझी मुलगी बापावर गेली आहे, तिलाही खात्री लागते. "पण आई, मी वाचलंय, हे फक्त हाय अल्टिट्यूडला येतं. माउंटन्स लागतात. न्यू जर्सीच्या विंडोमध्ये, कुंडीत... आय मीन, तू तेव्हा इतकी सॅड होतीस. मे बी तुला तसं वाटलं असेल." आणि तिनं हात लांब करून माझ्या हातावर थोपटलं.

तोच हात, तीच बोटं. मी कप खाली ठेवला.

"तुझ्या बाबाची शपथ," मी म्हणाले.

किती सहज निघाले ते शब्द. आता त्याला काय होणार होतं?